सालासकट भूत

“मड्डमला भूत पायजे,” अंतोन बटलर म्हणाला. “खायचं.”

मी मोसंब्या पुसत होतो. “कसलं?” मी विचारलं.

“फळाचं. शनवारी बायकांची पार्टी हाय. टेबलावर सगळी भुतं पायजेत आणि ती सगळी फळांची पायजेत. जा, बोलावलंय.”

तो दिवस बुधवारचा. दसरा होऊन गेला होता आणि दिवाळी आठवड्यावर आली होती. मोसंब्या तिथंच टाकून मी गेलो.

ही गोष्ट आमच्या महाराजांच्या राज्यातली. कोल्हापुरात इंग्रज साहेबांचे बंगले होते ते लाइन बाजाराच्या बाजूला, आणि त्यातल्या एका बंगल्यावर मी मेव्यावर होतो. मेव्यावर म्हणजे फळांच्या कामावर. सकाळी मंडईतून फळ निवडून आणायचं, कच्चं असेल ते पेंढ्यात घालून पिकवायचं, पिकलेलं त्याच दिवशी टेबलावर लावायचं आणि उरलेलं नासू द्यायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण साहेबाला सकाळी बरोबर सहाला पपई लागे आणि पपईला साहेबाचं घड्याळ कळत नसे. त्यात माझी तीन वर्षं गेली.

साहेबाची बदली झाली होती. नाताळाच्या आधी बंगला रिकामा होणार होता. त्यामुळं आम्ही सगळे नोकर एकाच गोष्टीकडे डोळे लावून बसलो होतो, ती म्हणजे चिट. जाताना साहेबलोक नोकराला कागदावर चार ओळी लिहून देत. माणूस कसा आहे, त्याला काय येतं, एवढंच. तो कागद दाखवल्याशिवाय दुसऱ्या बंगल्याच्या फाटकातून आत घेत नसत. अब्बांचं मंडईत केळ्यांचं दुकान होतं, पण ते माझ्या दोन थोरल्या भावांनाच कसंबसं पुरत होतं. चिट मिळाली नसती तर मला पेठेतल्या घरी बसून भावजयांच्या हातचं मुकाट्यानं खावं लागलं असतं. मला त्याची फार धास्ती होती. आणि आमच्या बंगल्यावर चिट लिहायचं काम साहेबाचं नव्हतं, मड्डमचं होतं.

मड्डम स्कॉटलंड नावाच्या मुलखातली. तिच्या हातात एक रंगीत कार्ड होतं. त्यावर सलगमाच्या कंदावर तोंड कोरून आत दिवा ठेवला होता. तिच्या मुलखात ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी भुतं बाहेर पडतात म्हणे, आणि लोक त्या दिवशी पार्टी करतात. ‘डर नहीं लगता?’ असं मी विचारलं तर म्हणाली, डर लगता है, इसलिए मजा आता है.

पार्टी होती पडदा पार्टी. म्हणजे फक्त बायकांची. घरात पुरुष दिसायचा नाही, आम्ही सगळे चिकाच्या, म्हणजे बांबूच्या कामट्यांच्या, पडद्यामागं. तीन वर्षं मड्डम गावातल्या मोठ्या घरच्या बायकांना बोलावत होती आणि तीन वर्षं त्यांना डोकेदुखी होत होती. या वेळी मात्र पेठ वडगावच्या एका शेट्यांच्या घरच्या आक्का येतो म्हणाल्या, आणि आक्का येणार म्हटल्यावर बाकीच्या तेवीसजणींची डोकेदुखी थांबली. मड्डमनं ही पार्टी अगदी मनावर घेतली होती.

“हमको अच्छा भूत मांगता, बाबालाल.”

“जी मेमसाब. कौनसा?”

“कौनसा क्या? भूत!”

माझा प्रश्न काही चुकीचा नव्हता. मुदपाकखान्यात जाऊन विचारलं तर जितकी माणसं तितकी भुतं निघाली. कोणी म्हणालं हडळ, कोणी मुंजा, कोणी वेताळ. गंगूमावशी म्हणजे बंगल्याची आया, मड्डमच्या पोरांना तिनंच वाढवलेलं. ती म्हणाली, “तू खवीस कर बाबालाल. त्यो तुमच्यातलाच हाय.” मुसलमान मेला की खवीस होतो असं गावात मानतात. आमच्या पेठेत माझ्या ओळखीची बरीच मुसलमान माणसं गेली, कोणी परत आल्याचं मला माहीत नाही.

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. भुताचे पाय उलटे असतात. म्हणून मी एक चांगला गोल पेरू घेतला, त्याला कडुनिंबाच्या काड्यांचे पाय लावले आणि पावलं मागं वळवली. मड्डमनं तो हातात घेऊन सगळ्या बाजूंनी बघितला.

“ये पैर उलटा क्यों है?”

“भूत का पैर उलटाच होता है, मेमसाब.”

“भूत को पैर नहीं होता.”

“पैर नहीं तो चलता कैसा?”

“चलता नहीं. उडता.”

त्या बाईनं आयुष्यात भूत पाहिलं नव्हतं, मीही पाहिलं नव्हतं, पण दोघंही असे भांडत होतो की जणू ते आमच्याच गल्लीत राहतं. शेवटी अंतोननं माझा सदरा मागून ओढला. तो मूळचा गोव्याचा, पण वीस वर्षं कोल्हापुरात काढून बोली आमचीच झालेली. बाहेर आल्यावर म्हणाला, “चिट कोण लिवणार हाय? ती. मग पाय काढ.”

मी पाय काढले.

गुरुवारी सकाळी मी सुरी घेऊन बसलो. कापकाम मला चांगलं येत होतं आणि भुतांना हंगामही बरा होता. सीताफळ उघडलं की पांढऱ्या गरातून काळी बी वर बघत असते, ते डोळे झाले. पेरूला आडवी खाप मारून आत डाळिंबाचे दाणे बसवले, ते रक्ताळलेले दात झाले. पपई उभी कापून कवटी केली. सगळं एका थाळ्यात मांडून नेलं. मड्डमनं टाळी वाजवली. साहेबाला बोलावून दाखवलं. अंतोन माझ्याकडे बघून नुसता हसला. मला वाटलं, सुटलो.

संध्याकाळी आक्कांचा कारभारी निरोप घेऊन आला. निरोप असा की, आम्ही येतो, आनंदानं येतो, पण आम्हाला तिथं शिजवलेलं काही चालत नाही, कापलेलंही चालत नाही. सालासकट फळ असेल तर तेवढं घेऊ.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या काळी सोवळ्याच्या घरची माणसं साहेबाच्या टेबलावर काही खात नसत. भांडं कोणाचं, पाणी कोणाचं, सुरीनं सकाळी काय कापलं असेल, याचा भरवसा नसे. आक्कांच्या घरात तर पिढ्यानपिढ्या कोणी मांसाला शिवलेलं नाही. फळ मात्र चाले, कारण फळाला साल असते. साल आपल्या हातानं काढली की आतलं आपलं. एकदा सुरी लागली की ते फळ दुसऱ्याच्या हातचं झालं.

यात मला नवीन काही नव्हतं. आम्ही बागवान, अर्धं गाव आमच्याकडून फळ नेतं ते याच हिशेबानं. पण हे मड्डमला समजावून सांगण्यात अंतोनचा एक तास गेला.

“सुरी साफ करो,” ती म्हणाली.

“साफ है, मेमसाब.”

“और साफ करो.”

शेवटी तिला पटलं की नाही कोण जाणे, पण आक्का खाणार नाहीत एवढं कळलं. आक्का खाणार नाहीत म्हणजे कोणीच खाणार नाही. माझा तो सगळा थाळा आम्ही नोकरांनी बसून खाल्ला. सीताफळं फार गोड होती. त्याचाही राग आला.

शुक्रवार. कापायचं नाही, मग वरून रंगवायचं. पण फळावर रंग लावायचा तर तो पोटात गेला तरी चालणारा पाहिजे. घरात असे रंग चारच. पांढऱ्याला खायचा चुना, काळ्याला काजळ, पिवळ्याला हळद, लालला कुंकू. नारळाला मुळातच तीन डोळे असतात, त्यांच्याभोवती काजळ फिरवलं. खाली कुंकवाचं तोंड काढलं. मड्डम येऊन बघून गेली, तिला आवडलं. जाताना तिनं शोभेला म्हणून मधे मधे चार लिंबं ठेवली आणि त्यांनाही लाल ठिपके दे म्हणाली. दिले. दुपारपर्यंत पॅन्ट्रीच्या फरशीवर ओळीनं अकरा नारळ मांडून झाले. मी घाम पुसला आणि बिडी ओढायला मागं गेलो.

परत आलो तर मुदपाकखान्यात चिटपाखरू नव्हतं. झाडूवाली निम्मा झाडून झाडू टाकून गेली होती. पट्टेवाला साहेबाचं पाणी घेऊन बागेतून वळसा घालून चालला होता. गंगूमावशी दारात उभी होती, पण उंबऱ्याच्या बाहेर.

“कुणावरनं उतरलंस रं हे?” तिनं विचारलं.

मी खाली बघितलं. आणि मग मला दिसलं.

आमच्याकडे घरात कोणी सारखं आजारी पडलं, मूल रडायचं थांबेना, की नारळ, लिंबू, वर हळदकुंकू, काजळ असं सगळं त्या माणसावरून ओवाळून तिकटीवर, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथं, नेऊन ठेवतात. पीडा त्यात उतरते, म्हणून तो उतारा. त्याला कोणी शिवत नाही, ओलांडत तर नाहीच. मी पेठेत जन्मलो, पेठेत वाढलो. लहानपणापासून तिकटीवरचा उतारा दिसला की मीसुद्धा लांबून गेलो आहे. आणि मीच आज बंगल्याच्या पॅन्ट्रीत एकाला एक लागून अकरा उतारे मांडले होते. सकाळपासून मी ऑर्डरकडे बघत होतो, नारळाकडे बघितलंच नव्हतं.

“मावशी, हे पार्टीचं हाय.”

“असंल. मी न्हेत न्हाय आत. आन त्या बायका बघून उंबऱ्यातनंच म्हागारी फिरतील, सांगून ठेवतो.”

मड्डमला हे पुन्हा सांगणं आलं. अंतोननं हात जोडले आणि म्हणाला, या वेळी तू सांग. मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मग विचारलं, “मतलब, लोग डरता है?”

“बहुत डरता है, मेमसाब.”

“अच्छा! वही तो मांगता!”

तिच्या भाषेत डर म्हणजे मजा आणि आमच्या भाषेत डर म्हणजे डर, ही गाठ काही केल्या सुटेना. मी म्हणालो, डर के मारे मेहमान चले जाएंगे. तेव्हा ती उठली, कपाटातून साहेबाचे पांढरे रुमाल काढले, एका मोसंबीवर रुमाल टाकला, खालून काळ्या दोऱ्यानं आवळला आणि माझ्यासमोर धरला. तिच्या मुलखातलं खरं भूत म्हणे हे असं असतं.

गंगूमावशीनं नुसतं तोंड फिरवलं. मीही त्या मोसंबीला हात लावला नाही. पांढऱ्या कापडात गुंडाळून दोऱ्यानं बांधलेलं आमच्याकडे काय असतं ते हिंदूला सांगावं लागत नाही आणि मुसलमानालाही लागत नाही. मड्डमनं आमची तोंडं बघितली. मोसंबी टेबलावर आदळली. आणि पहिल्यांदाच इंग्रजीत बोलली, म्हणजे खरी रागावली. अंतोननं नंतर मला मतलब सांगितला. उद्या चार वाजता टेबलावर भूत नसेल तर बाबालालला चिट नाही.

“आणखी काय म्हणाली?” मी विचारलं.

“तुमच्या गावात कुठलीच गोष्ट नुसती गोष्ट म्हणून नसती का, असं म्हणाली.”

या एका बाबतीत मला बाईची कीव आली.

शनिवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे मंडईत गेलो. भूत सुचलं नव्हतं, पण केळी तर न्यायची होती. अब्बांच्या दुकानासमोर एक गिऱ्हाईक उभं होतं, परगावचं असावं. ते एकेक केळं घेऊन अंगठ्यानं दाबून बघत होतं आणि परत ठेवत होतं. अब्बांचा आयुष्यभर एकच वैरी होता, तो म्हणजे गिऱ्हाइकाचा अंगठा.

“दाबू नगासा पावणं,” अब्बा म्हणाले.

“बगतोय की. काय झालंय त्येला?”

“आत्ता काय हुतंय? आत्ता कायबी दिसत न्हाय. सांच्याला बगा, तुमचा आंगठा हितं काळा हून वर येतोय. मग कोण घेनार त्ये?”

मी तिथंच उभा राहिलो. हे वाक्य मी जन्मापासून ऐकत होतो. आज पहिल्यांदा ते माझ्या कानात शिरलं.

केळ्याच्या सालीची गंमत अशी आहे. ती फाटली तर चीक येतो आणि डाग लगेच ओबडधोबड पडतो. पण न फाटता नुसती दबली तर आधी काही दिसत नाही. मार आत बसतो, आणि तास-दोन तासांनी, कधी जास्त, काळा होऊन वर येतो. तालमीतल्या पोरांना हे सांगावं लागणार नाही. मुका मार. म्हणजे सुरी नको, काजळ नको, कुंकू नको, कापड नको. साल जिथली तिथं. आणि भूत आपोआप येणार.

मी अब्बांकडून निवडून केळी घेतली. हिरवट नको, हिरव्या सालीवर डाग नीट उठत नाही. फार पिकलेली नको, त्यांच्यावर आधीच ठिपके असतात. नुकती पिवळी झालेली, कोणाच्या अंगठ्याची नसलेली. अब्बांनी विचारलं, एवढी निवडून कशाला? म्हटलं, मारायला.

दहापर्यंत काढून झाली असती तर सगळं वेळेवर झालं असतं. पण बंगल्यावर पाऊल ठेवताच मड्डमनं मला शिडीवर चढवून कागदी कंदील बांधायला लावले. मग ते काढून दुसऱ्या बाजूला बांधायला लावले. मी पॅन्ट्रीत बसलो तेव्हा दोन वाजत आले होते. दातकोरणीचं बोथट टोक घेतलं आणि हलक्या हातानं दाबत रेघ ओढू लागलो. आणखी एक अडचण अशी की मला चित्र काढता येत नव्हतं. डोळे काढले, नाक काढलं, पण फेट्याशिवाय आणि मिशांशिवाय तोंड मला पुरंच करता येईना. म्हणून सगळ्यांना फेटे आणि मिशा. शिवाय काढलेली रेघ दिसत नाही, त्यामुळं मिशी कुठपर्यंत आली ते अंदाजानंच. चाळीस केळी झाली तेव्हा बाहेर गाड्या लागायला सुरुवात झाली होती.

थाळे आत गेले. आम्ही पुरुष चिकामागं. थोड्याच वेळात मड्डमचा आवाज आला, हळू पण धारदार.

“बाबालाल. भूत किधर है?”

“केले में है, मेमसाब.”

“हमको नहीं दिखता.”

“आएगा.”

“कब?”

हा प्रश्न मला सकाळपासून कोणी विचारू नये असं वाटत होतं. त्या दिवशी आभाळ होतं, हवा गार होती. गार हवेत मुका मार उशिरा उठतो. “थोडा ठहरके,” मी म्हणालो. अंतोन माझ्या कानात म्हणाला, “चिट गेली तुझी. माझी पण जाती बहुतेक.”

आत बायकांच्या बांगड्या वाजत होत्या, पण बोलणं होत नव्हतं. मड्डमला मराठी येत नव्हती, त्यांना इंग्रजी येत नव्हती. गंगूमावशी मधे मधे चिकापाशी येऊन आम्हाला खबर देत होती. सोडा दिला. पान दिलं. केळी कोणी घेतली नाहीत. मग म्हणाली, आक्कांनी एक उचललंय. हातातच धरलंय. बघत बसल्यात.

मी मोजत नव्हतो, पण अर्धा-पाऊण तास तरी गेला असेल. कंदील लावले गेले. मग आतून आक्कांचा आवाज आला. मोठा, खणखणीत आवाज होता बाईचा.

“आगं, ह्येला मिशा फुटाय लागल्यात.”

गंगूमावशी तिकडं बघायला गेली.

“मघा न्हवत्या,” आक्का म्हणाल्या.

मग खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. गंगूमावशी चिकापाशी धावत आली. “सगळ्यांस्नी तोंडं याय लागल्यात रं बाबालाल. बायका उठल्यात. चपला बघत्यात.” चिक वर करून आत जावं आणि सांगावं, बायांनो, काही नाही, नुसता दातकोरणीचा मार आहे, असं वाटलं. पण आत गेलो असतो तर चिट राहू दे, गावात राहणं मुश्किल झालं असतं. मी चिकाची दोरी धरून उभा राहिलो.

“बसा गं,” आक्कांचा आवाज आला. “गडबड करू नगासा. बघतो.”

त्यांनी काय केलं ते मावशीनं नंतर दहा वेळा सांगितलं. केळं उलटं केलं, सुलटं केलं, वास घेतला. मग देठाकडून साल ओढली. एक पट्टी, दुसरी पट्टी, तिसरी. आतलं केळं बाहेर काढून सगळीकडून बघितलं. पांढरं स्वच्छ. एक घास घेतला.

“आत कायबी न्हाय,” आक्का म्हणाल्या. “सालासंगं गेलं की. केळंच हाय, आन ग्वाड हाय.”

मग कोणीतरी तरुण आवाज म्हणाला, “आक्का, माझं केळं बगा की. आमचं मामंजीच दिसत्यात.”

“कुटं? व्हय की गं. फेटाबी तसाच, वाकडा.”

“ह्यो आमचा थोरला दीर. मिशी एकीकडं लांब.”

मग जे हसणं सुटलं ते थांबेना. चोवीस बायका टेबलाभोवती गोळा झाल्या आणि आपापली माणसं शोधू लागल्या. एकीला सासरा मिळेना म्हणून ती रुसली. ज्यांच्यासमोर त्या घरात डोक्यावरचा पदर ढळू देत नव्हत्या त्या सगळ्यांना त्यांनी एकेक करून सोललं आणि खाल्लं. उरलेली केळी घरी दाखवायला म्हणून ओच्यात बांधून नेली. साली तेवढ्या राहिल्या.

पार्टी संपल्यावर मड्डमनं मला बोलावलं. खूश होती, पण थोडी हिरमुसलेलीही. “कोई डरा नहीं,” म्हणाली. मग साल हातात धरून विचारलं, “बाबालाल, ये कैसा किया?”

मी तोंड उघडणार तोच अंतोननं मागून सदरा ओढला. आमच्या धंद्यातही तेच शिकवतात, गिऱ्हाइकाला कसब सांगायचं नसतं. मी म्हणालो, “अपने आप आता है, मेमसाब.”

तिनं मान हलवली आणि साल जपून ठेवली.

महिन्याभरानं मला चिट मिळाली. अंतोनला थोडं इंग्रजी वाचता येई. त्यानं पहिली ओळ वाचली. “प्रामाणिक हाय म्हणून लिवलंय. काम झालं तुझं.” मी घडी घालून खिशात ठेवली. साहेब-मड्डम मुंबईला गेले आणि तिथून बोटीनं विलायतेला.

पहिल्यांदा मी एका पाद्री साहेबाकडे गेलो. त्यानं चिट वाचली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाचली, आणि दोन बोटांत धरून परत दिली. दुसरा बंगला इचलकरंजीच्या वाटेवर होता. तिथल्या साहेबानं चिट वाचून बटलरला काहीतरी सांगितलं, आणि बटलर मला फळांच्या खोलीत न नेता तबेल्यामागच्या पिंपळापाशी घेऊन गेला. म्हणाला, इथं घोडी बुजते, काय आहे ते काढ. तिसऱ्या ठिकाणी चिट आत गेली आणि आतून नुसती चिटच परत आली.

तेव्हा मी स्टेशनातल्या एका कारकुनाला गाठलं आणि म्हटलं, हे सगळं वाचून दाखवा. त्यानं दाखवलं. “बाबालाल प्रामाणिक आहे. फळ ताजं आणतो. एका संध्याकाळी माझ्या पाहुण्यांसमोर त्याने न कापलेल्या फळांवर माणसांचे चेहरे उमटवले. कसे, ते तो सांगत नाही. ते आपोआप येतात असं तो म्हणतो.” कारकून कागद परत देताना थोडा मागं सरकला.

मड्डमची यात काही चूक नव्हती. मी सांगितलं तेच तिनं लिहिलं होतं. मला माझाच एवढा संताप आला की ती चिट फाडावी असं वाटलं. पण दुसरी कुठं होती?

मग मी नोकरी मागायला जाताना एक केळं आणि दातकोरणी बरोबर नेऊ लागलो. तिथंही पंचाईतच. घरून काढून नेलं तर साहेब म्हणे, हे आधीच काढलेलं आहे. समोर काढलं तर काही दिसतच नाही, आणि दिसायला लागतात दोन तास. कुठला साहेब नोकराच्या केळ्याकडे बघत दोन तास बसेल?

शेवटी एका बोर्डिंगात गेलो. महाराजांच्या राज्यात तेव्हा शिकणाऱ्या मुलांसाठी बोर्डिंगं निघत होती, आणि तिथं भाजीपाला, फळफळावळ बघायला माणूस हवा होता. सुपरिंटेंडेंट आपलेच होते, इंग्रजी शिकलेले. त्यांनी चिट वाचली. “भुताचं ऱ्हाऊ दे,” म्हणाले. “कसं करतोस ते सांग.”

आयुष्यात पहिल्यांदा मी सांगितलं. साल, मुका मार, गार हवा, सगळं. त्यांच्यासमोर केळ्यावर रेघा ओढल्या. त्यांनी केळं टेबलावर ठेवलं, मला व्हरांड्यात बसायला सांगितलं आणि कामाला निघून गेले. मला वाटलं, विसरले. दोन तासांनी आले, केळं उचललं आणि खिडकीपाशी नेलं. मी दारातून बघत होतो. त्यांनी एका हातानं स्वतःच्या मिशा चाचपल्या.

“ह्या मिशा कुणाच्या?”

“तुमच्याच सायेब. समोर दुसऱ्या न्हवत्या.”

त्यांनी केळं सोललं, तिथंच उभ्यानं खाल्लं आणि साल माझ्या हातात दिली. “उद्यापास्नं ये,” म्हणाले.

त्या बोर्डिंगात मी म्हातारा झालो. नवीन माणूस कामाला लागला की मी त्याला दोनच गोष्टी सांगत असे. आपलं कसब विचारलं तर सांगून टाकावं. न सांगितलेल्या कसबाला लोक जादू म्हणतात, आणि जादूगाराला पगारावर कोणी ठेवत नाही. आणि चिट हातात पडली की फाटकाबाहेर जायच्या आधी ती शेवटपर्यंत वाचून घ्यावी. पहिली ओळ सगळ्यांचीच चांगली असते.